रांजण आणि घंटा

जुन्नरहून पश्चिमेकडे निघून घाटघरचें पठार ओलांडलें म्हणजे जमीन एकाएकीं संपते आणि खालीं कोंकण पसरलेलें दिसूं लागतें. जीवधन किल्ल्याच्या शेजारीं, कातळ फोडून काढलेली एक अरुंद वाट वैशाखऱ्याच्या दिशेनें खालीं उतरते, हाच नाणेघाट. या वाटेच्या माथ्यावर एक भला मोठा दगडी रांजण आहे. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांनीं जकातीचीं नाणीं या रांजणांत टाकावीं अशी पूर्वींची चाल होती, असें परंपरा सांगते. आज त्यांत पावसाचें पाणी, वाळलेलीं पानें आणि सहलीस येणाऱ्या मंडळींनीं टाकलेले कागद असतात.

मागील हिवाळ्यांत आमच्या इतिहासाच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही तेथें गेलों होतों. एका मुलानें खिशांतून रुपया काढून रांजणांत टाकला आणि दोन हजार वर्षांची थकबाकी आपण भरून टाकली, असें मोठ्यानें जाहीर केलें. सगळे हंसले. हंसें ओसरल्यावर एका मुलीनें, जी वर्गांत सहसा बोलत नाहीं, विचारलें, "सर, या रांजणांतले पैसे शेवटीं गेले कुठें?" शिक्षकाजवळ अशा प्रश्नांचीं तयार उत्तरें असतात. राजाच्या खजिन्यांत गेले, सैन्यावर गेले, यज्ञांत गेले, लेण्यांत गेले, असें सांगून आम्हीं वेळ मारून नेली. परंतु घाटघरला परत येईपर्यंत तें उत्तर आमचें आम्हांलाच पुरेनासें झालें.

त्याचें एक कारण असें. आमचें शिक्षण एका मिशनरी कॉलेजांत झालें. तेथें आठवड्यांतून एक तास नीतिपाठाचा असे व त्यांत शुभवर्तमानांतील कथा सांगत. आम्ही ख्रिस्ती नव्हतों, आणि त्या विषयाची परीक्षाही नव्हती. त्यामुळें मागच्या बाकावर बसून आम्ही बहुधा दुसरींच पुस्तकें वाचीत असूं. तरी कांहीं गोष्टी कानांवरून गेल्या त्या राहिल्या. त्यांपैकीं एक मत्तयाची. हा मनुष्य जकातीच्या नाक्यावर बसलेला असे. येशू त्या वाटेनें गेला, त्यानें त्याला बोलाविलें, आणि तो नाका तसाच टाकून उठला व मागें गेला. कथा एवढीच आहे. नाक्यावरील पेटींत त्या दिवशीं किती जमा होती, ती पुढें कोणीं मोजली, याविषयीं कथा मौन धरते. वर्गांत ऐकतांना ही गोष्ट आम्हांला फार पोकळ वाटली होती. जकातीचा नाका म्हणजे काय हें आमच्या डोळ्यांसमोर नव्हतें. नाणेघाटांतील तो रांजण पाहिल्यावर मात्र तीस वर्षांपूर्वींचा तो मत्तय आमच्यापुढें येऊन बसला.

घाटाच्या वाटेवरच एक मोठें लेणें आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख कोरलेला आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या विद्वानांनीं त्यावर परिश्रम केले, आणि महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाचें पहिलें पान म्हणून आज प्रत्येक पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख येतो. लेखांत अश्वमेध, राजसूय इत्यादि यज्ञांचीं नांवें आहेत व प्रत्येक यज्ञांत काय दक्षिणा दिली त्याचा हिशेब आहे. गाई हजारांनीं, कार्षापण हजारांनीं. शिवाय हत्ती, घोडे, गांवें. हिंदुस्थानांतील अतिप्राचीन अंकचिन्हांपैकीं कांहीं या लेखांत सांपडतात, म्हणून गणिताच्या इतिहासकारांनाही तो प्रिय आहे. आपल्या देशांतील आंकड्यांचा हा इतका जुना पुरावा श्रीमंतीच्या यादींत सांपडावा, ही गोष्ट आम्हांला नेहमीं चमत्कारिक वाटत आली आहे.

त्याच लेण्याच्या मागच्या भिंतीवर राजकुलांतील पुरुषांच्या व राणीच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. सिमुक सातवाहन, देवी नागनिका, राजा सातकर्णी, कुमार, महारठी, अशीं त्यांचीं नांवें वर लिहिलेलीं आहेत. प्रतिमा गेल्या. नांवें राहिलीं, आणि कांहींचे पाय राहिले. इतिहासाचा अध्यापक म्हणून अशा जागीं दोन वाक्यें बोलावीं लागतात, तीं आम्हीं बोललों. पण मनांत एक निराळाच विचार आला. भिंतीवरील लेखांत काय दिलें याची यादी आहे. बाहेरच्या रांजणाकडे पाहिलें म्हणजे काय घेतलें याची आठवण होते. दोहोंमध्यें फार तर कांहीं पावलांचें अंतर आहे. राणीच्या पदरीं असलेल्या लेखकानें दानाचा कार्षापणन्‌कार्षापण नोंदला. पण खालून ओझें पाठीवर घेऊन चढणाऱ्या कोणा हमालानें किती घाम गाळला, तें नोंदण्याची चाल तेव्हां नव्हती, आणि आतांही फारशी नाहीं.

आतां जुन्नरच्या लेण्यांकडे वळूं. या एका गांवाभोंवतीं मानमोडी, शिवनेरी, तुळजा, लेण्याद्रि अशा डोंगरांत जेवढीं लेणीं आहेत तेवढीं हिंदुस्थानांत क्वचितच दुसऱ्या गांवाभोंवतीं असतील. त्यांतील लेख लहान आहेत, आणि म्हणूनच फार बोलके आहेत. मानमोडीवर महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम यानें ४६ व्या वर्षीं केलेल्या टाक्याची व मंडपाची नोंद आहे. इरिल नांवाच्या यवनानें दोन टाकीं दिलीं, चिट नांवाच्या यवनानें भोजनमंडप दिला, चंद नांवाच्या यवनानें दर्शनी बाजू करून दिली. आडुथुम नांवाच्या शक उपासकानें वीस निवर्तनें जमिनीचें उत्पन्न एका श्रेणीकडे करंजाच्या झाडांकरितां लावून दिलें. वेळूचें काम करणाऱ्यांची श्रेणी, कांसारांची श्रेणी, अशा धंदेवाल्यांच्या संस्थांकडे ठेव ठेवून तिच्या उत्पन्नांतून भिक्षूंची सोय केलेली दिसते. हल्लींच्या बँकांना व ट्रस्टांना नवीन म्हणणाऱ्यांनीं हे लेख एकदां वाचावे.

लेण्याद्रीच्या डोंगरांत, जेथें आज गिरिजात्मजाचें देऊळ आहे त्याच्या शेजारींच, एक सुंदर चैत्यगृह आहे. तें कोणीं दिलें हें त्यावरील लेखांत आहे: कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत. हेरणिक म्हणजे सोनार किंवा खजिनदार. कांहींही अर्थ घेतला तरी सोन्याशीं संबंध असणारें घर. कल्याणच्या बंदरांत पैसा मिळाला, नाणेघाट चढून तो जुन्नरला आला, आणि कातळांत खांब होऊन उभा राहिला. त्या मुलीच्या प्रश्नाचें एक उत्तर हें आहे, आणि तें हलकें नव्हे. सुलसदताचें सोनें कोणाच्या अंगावर राहिलें नाहीं. पण त्यानें दिलेल्या चैत्यांत पाऊल टाकल्यावर आपला आवाज आपोआप खालीं येतो. धनाची निरर्थकता त्या माणसालाही कळली असावी. त्यानें त्यावर बौद्ध धर्माला साजेल असा उपाय केला: धन देऊन पुण्य घेतलें.

परंतु याच कल्याणाशीं दुसऱ्याही एका विचाराचा संबंध येतो. सहाव्या शतकाच्या मध्यास अलेक्झांड्रियाच्या एका ग्रीक लेखकानें 'ख्रिस्ती भूवर्णन' अशा अर्थाच्या नांवाचा ग्रंथ लिहिला. पुढील लोकांनीं त्याला कॉस्मस इंडिकोप्ल्यूस्टिस, म्हणजे हिंदुस्थानचा जलप्रवासी कॉस्मस, हें नांव दिलें. ग्रंथांत पृथ्वी सपाट असून ती मोशेच्या मंडपासारखी आहे असें सिद्ध करण्याचा त्याचा खटाटोप आहे; तो वाचून आज कोणालाही हंसूं येईल. पण मधून मधून त्यानें व्यापाराची जी माहिती दिली आहे ती सोन्यासारखी आहे. 'कल्लियाना' बंदरांतून तांबें, लांकूड आणि कापड बाहेर जातें असें तो सांगतो, आणि त्याच ठिकाणीं इराणांत दीक्षा घेतलेला एक ख्रिस्ती बिशप असतो असेंही सांगतो. हें कल्लियाना म्हणजे आपलें कल्याण, असें बहुतेक विद्वान मानतात. म्हणजे वसईस पोर्तुगीज येण्यापूर्वीं जवळ जवळ हजार वर्षें नाणेघाटाच्या पायथ्याच्या बंदरांत ख्रिस्ती प्रार्थना होत होती. आणि हा कॉस्मस कोण? तो आयुष्यभर तांबड्या समुद्रांत व पलीकडे व्यापार केलेला सौदागर होता. तें सर्व सोडून तो संन्यासी झाला आणि मग लिहावयास बसला. मसाल्यांचे भाव व बंदरांचीं नांवें त्याच्या हाडांत मुरलीं होतीं. संन्यास घेतल्यावरही तीं गेलीं नाहींत. व्यापारी असा सहजासहजीं सुटत नाहीं.

सुलसदत आणि कॉस्मस यांना शेजारीं बसवून पाहिलें म्हणजे एक भेद लक्षांत येतो. शुभवर्तमानांतील श्रीमंतीची चिकित्सा ही दानाच्या चिकित्सेहून निराळी आहे. तेथें एका जमीनदाराची कथा आहे. शेत उदंड पिकलें, धान्य ठेवावयास कोठारें पुरेनात. तेव्हां जुनीं पाडून मोठीं बांधावीं आणि मग कित्येक वर्षें निर्धास्त खावें प्यावें, असा त्यानें बेत केला. त्याच रात्रीं त्याचे प्राण मागून घेण्यांत आले. या मनुष्यानें चोरी केलेली नाहीं, कोणाला फसविलेलें नाहीं, सावकारीही केलेली नाहीं. त्याचा दोष एवढाच कीं, कोठार आणि आयुष्य यांना त्यानें एकच माप लावलें. दुसरी कथा जक्कयाची. तो जकातदारांचा मुख्य होता आणि श्रीमंत होता. येशू घरीं येतांच त्यानें अर्धी मालमत्ता गरिबांना देऊन टाकण्याचें कबूल केलें. परंतु तेवढ्यावर तो थांबला नाहीं. ज्याच्याकडून अन्यायानें घेतलें असेल त्याला चौपट परत करीन असें तो म्हणाला. आमच्या मतें सगळा मुद्दा येथें आहे. नागनिकेच्या लेखांत दान आहे, सुलसदताच्या लेखांत दान आहे. 'परत' हा शब्द मात्र दोहोंतही नाहीं. रांजणांत ज्याचें नाणें पडलें त्याच्याकडे पुनः वळून पाहण्याची कल्पना जक्कयाच्या तोंडीं आली, आणि ती जकातदाराच्याच तोंडीं यावी हें योग्य आहे.

असो. जुन्नरची कथा लेण्यांबरोबर संपत नाहीं. पैसा आला म्हणजे त्याच्या मागोमाग किल्ले येतात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमदानें निजामशाहीचा पाया जुन्नरांतच घातला, आणि मग तो अहमदनगरला गेला. पुढें सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें कांहीं वर्षें निजामशाहीची राजधानी पुनः जुन्नरला आणली. हा अंबर मूळचा हबशी गुलाम. लहानपणीं बाजारांत तो अनेकदां विकला गेला होता. ज्याची किंमत नाण्यांत मोजून झाली आहे असा मनुष्य पुढें एका राज्याचा महसूल मोजूं लागला, आणि त्याची जमीनधाऱ्याची पद्धत इतकी नांवाजली गेली कीं आमच्या कुळकर्ण्यांच्या तोंडीं ती शतकानुशतकें राहिली. तो १६२६ मध्यें वारला. दुसऱ्याच वर्षीं, १६२७ त, बापावर रुसून दक्षिणेंत राहिलेला शहाजादा खुर्रम जुन्नरला असतां जहांगीर वारल्याची बातमी त्याला येऊन पोंचली. येथूनच तो शहाजहान होण्यासाठीं आग्र्याकडे निघाला. मयूरसिंहासन, ताजमहाल, आणि मग पोटच्या मुलाच्या कैदेंत आठ वर्षें, हें सर्व पुढें यावयाचें होतें. जुन्नरच्या डोंगरांना त्यांतलें कांहींच दिसलें नाहीं. त्यांनीं फक्त एक अस्वस्थ मनुष्य घोड्यावर बसतांना पाहिला.

शहाजहान गेल्यावर दोन-अडीच वर्षांनीं शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. तीस वर्षेंही झालीं नाहींत तों, १६५७ च्या एप्रिलच्या अखेरीस, महाराजांनीं एका रात्रीं दोराच्या शिड्या लावून आपल्याच जन्मगांवच्या तटावर माणसें चढविलीं आणि मोंगलांच्या ताब्यांतील जुन्नरमधून तीन लक्ष होन, दोनशें घोडे, शिवाय जडजवाहीर व कापडचोपड नेलें. जुन्नरच्या पेठेंत त्या दिवशीं सकाळीं जे श्रीमंत होते, त्यांच्यासाठीं त्या जमीनदाराची कथा कोणी निराळी सांगण्याचें कारण उरलें नाहीं. हपूसबागेजवळ आजही एक भव्य घुमट उभा आहे. लोक त्याला सौदागर घुमट म्हणतात. आंत निजलेल्याचा धंदा लोकांच्या लक्षांत राहिला आहे. नांव राहिलेलें नाहीं.

हीं तीं वर्षें, ज्यांत याच जिल्ह्यांत, देहूला, एक वाणी आपलें दुकान व सावकारी गमावून बसला होता. १६३० च्या सुमारास पडलेल्या भयंकर दुष्काळांत तुकोबांचें घर मोडलें, हें सर्वांस ठाऊक आहे. कर्जखतांची वांटणी भावाशीं करून घेऊन आपल्या वांट्याचीं खतें त्यांनीं इंद्रायणींत सोडलीं, ही कथा महिपतीनें सांगितली आहे. ही कथा ऐकतांना आपण त्यांतील वैराग्याकडेच पाहतों. पण खत पाण्यांत पडलें म्हणजे कोणा ऋणकोची मान मोकळी झाली, हा तिचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि तो जक्कयाच्या गोष्टीच्या फार जवळचा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण ख्रिस्तापर्यंत तुकोबांच्या मार्गानें आलों असें सांगत; त्यांत नुसतें सौजन्य होतें असें आम्हांला वाटत नाहीं. या टिळकांनीं आयुष्याच्या शेवटीं, १९१७ मध्यें, मिशनची पगारी चाकरी सोडून दिली आणि संन्यासी वृत्तीनें राहावयास आरंभ केला. दोन वर्षांनीं ते वारले.

येथवर वाचकांना वाटलें असेल कीं लेखकाचा तोल एका बाजूला झुकत आहे. तेव्हां दुसरी बाजू सांगितली पाहिजे, आणि ती सांगण्यास आम्हांला फार लांब जावें लागत नाहीं. मंचरहून घोडेगांवावरून आंबेगांव तालुक्याच्या डोंगरांतून वर चढत गेलें म्हणजे भीमाशंकर येतें. देऊळ खेड तालुक्याच्या हद्दींत पडतें, पण वाट आंबेगांवची आहे. देवळाच्या आवारांत शनीच्या देवळापुढें एक मोठी घंटा टांगलेली आहे. देवाच्या घंटेचा आकार आपल्या ओळखीचा असतो. ही तशी नाहीं. तिच्यावर ख्रिस्ती चिन्ह आहे. चिमाजी आप्पांनीं १७३९ मध्यें वसई घेतली तेव्हां तेथील चर्चांच्या कांहीं घंटा घाटावर आल्या, त्यांतील ही एक. दुसरी कृष्णेच्या कांठीं मेणवलीला आहे, आणखीही आहेत.

वसई १५३४ मध्यें गुजराथच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांना मिळाली आणि दोनशें वर्षांत ती पश्चिम किनाऱ्यावरील एक अत्यंत श्रीमंत नगरी झाली. कोटाच्या आंत राहण्याचा मान गोऱ्या फिदाल्गूंचा. त्यांचे वाडे, पालख्या, गुलाम, आणि साष्टी-वसईच्या गांवांतून येणारा वसूल. आणि त्यांच्या शेजारीं फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन या पंथांचे मठ व चर्चें. दारिद्र्याचें व्रत घेतलेल्या साधूंच्या नांवें गांवें लागलेलीं होतीं. यांतील फ्रान्सिस्कन पंथाच्याच चौघांनीं १३२१ मध्यें ठाण्याला प्राण दिले होते. त्यांच्याजवळ लुटून न्यावयासारखें कांहीं नव्हतें. त्याच पंथाची वसईंतील इमारत आज पडक्या स्थितींतही पाहणाऱ्याला दिपवते, आणि तिच्या जमिनींत फिदाल्गूंच्या थडग्यांचे कोरीव दगड बसविलेले आहेत. उंट सुईच्या नेढ्यांतून जाईल, पण श्रीमंत स्वर्गांत जाणें कठिण, हें ज्यांच्या धर्मग्रंथांत आहे, त्यांनीं आपल्या थडग्यांवर वंशाचीं चिन्हें कोरविलीं. आम्ही हें कुचेष्टेनें लिहीत नाहीं. ज्या धर्माजवळ श्रीमंतीविरुद्ध इतकें धारदार शस्त्र आहे, त्याच्याच लोकांनीं तें म्यानांत ठेवून दिलें, ही गोष्ट त्या धर्माच्या मित्रांनींच अधिक स्पष्टपणें सांगितली पाहिजे.

पण वसईनें एक मनुष्य असाही दिला कीं त्याच्यामुळें तें शस्त्र अगदींच गंजलें नाहीं. गोन्सालो गार्सिया हा वसईचा. बाप पोर्तुगीज, आई याच देशची. वसईच्या जेझुइटांच्या शाळेंत तो शिकला, पोरवयांत त्यांच्याबरोबर जपानला गेला, तेथें भाषा शिकून धर्मोपदेशकांना मदत करूं लागला. त्या पंथांत त्याला घेण्यांत आलें नाहीं. मग तो व्यापाराला लागला आणि मकावच्या बाजूस चांगला धनवान झाला. शुभवर्तमानांत एक श्रीमंत तरुण आहे. सर्व विकून ये असें सांगतांच तो खिन्न होऊन निघून गेला, कारण त्याची मालमत्ता मोठी होती. गोन्सालो निघून गेला नाहीं. धंदा सोडून मनिलाला तो फ्रान्सिस्कनांत साधा बंधु म्हणून राहिला, दुभाषी म्हणून पुनः जपानला गेला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीला पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्यें पोपनें त्याला संत ठरविलें. वसईच्या वाड्यांत राहणाऱ्या किती फिदाल्गूंचीं नांवें आज तेथील ख्रिस्ती शेतकऱ्याला ठाऊक असतील? गोन्सालोचें नांव मात्र तो आपल्या मुलाला ठेवतो. याच सुमारास, १६१६ त, गोव्याच्या साष्टींत फादर स्टीफन्स यांनीं मराठी ओवींत ख्रिस्तपुराण छापून काढलें. म्हणजे शिवनेरीवर पाळणा हालण्यापूर्वीं चौदा वर्षें, कोठारें व जकातदार ज्यांत आहेत असें तें चरित्र मराठींत बोलूं लागलें होतें.

वसई जिंकणाऱ्यांच्या वांट्यालाही निश्चिंति आली असें नाहीं. १७४० च्या एप्रिलांत रावेरखेडीला बाजीराव वारले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत चिमाजी आप्पा. अर्धा हिंदुस्थान घोड्याच्या टापांखालीं घेणाऱ्या बाजीरावांचीं कर्जासंबंधीं ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेलीं पत्रें वाचवत नाहींत. धावडशीचे हे स्वामी संन्यासी होते आणि सावकारही होते, आणि सावकारींत ते कच्चे नव्हते. पुढें भीमाशंकराच्या देवळाचें काम ज्यांनीं केलें त्या नाना फडणविसांच्या संपत्तीविषयीं तर इतक्या दंतकथा झाल्या कीं १८०० मध्यें ते वारतांच त्यांच्या माणसांना धरून दुसऱ्या बाजीरावानें तिचा शोध चालविला. तात्पर्य, चर्चची घंटा शिवाच्या दारांत आली म्हणून तिचा नाद बदलला नाहीं.

आम्हीं विद्यार्थ्यांना ती घंटा दाखविली. नाणेघाटांत प्रश्न विचारणारी मुलगी तेथेंही होती. परत येतांना ती म्हणाली, "सर, हें सगळं श्रीमंतांचं झालं. ज्याच्याजवळ नाहींच, त्याला पैशाची निरर्थकता सांगून काय उपयोग?" हा आक्षेप नवा नाहीं. गरिबांना वैराग्य शिकवून त्यांची भूक निजविण्याचा धंदा सर्व धर्मांच्या लोकांनीं केला आहे, आणि ख्रिस्ती धर्म त्यांतून वेगळा काढतां येत नाहीं. एवढेंच म्हणतां येईल कीं, मूळ कथांतून हा उपदेश कधीं गरिबाला केलेला नाहीं. कोठारवाला, जकातदार, श्रीमंत तरुण, हेच त्याचे श्रोते आहेत. गरिबाला जी प्रार्थना शिकविली तींत आजची भाकर मागितली आहे. दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचें कौतुक आहे खरें. पण तिच्या दमड्या घेणाऱ्या देवळाविषयीं त्याच प्रकरणांत काय म्हटलें आहे तेंही वाचावें. भाकर आणि धन हे दोन निराळे पदार्थ आहेत. एकाची निरर्थकता सांगण्याचा अधिकार दुसऱ्याला नाहीं.

हें बोलणें चाललें असतां आमची मोटार डिंभ्याच्या धरणाच्या कांठानें जात होती. ज्या गांवावरून तालुक्याला आंबेगांव हें नांव पडलें, तें गांव या धरणाच्या पाण्याखालीं गेलें. तालुक्याची कचेरी घोडेगांवीं आहे आणि नांव मात्र बुडालेल्या गांवाचें आहे. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचें नांव दिलें आहे. महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईच्या काळबादेवींत विलायती कापडाच्या लॉरीपुढें आडवा झाला आणि तिच्या चाकाखालीं गेला. घोड नदीच्या या पाण्यानें खालचीं शेतें भिजतात, ऊंस होतो, बागा होतात. वरच्या बाजूला ज्यांचीं शेतें गेलीं त्यांत बहुतेक महादेव कोळी. उन्हाळ्याकडे पाणी उतरूं लागलें म्हणजे उघड्या पडणाऱ्या गाळांत त्यांतील कांहींजण पेरणी करतात. तिला गाळपेर म्हणतात. जक्कयाचा 'चौपट' हा शब्द त्या पाण्याकडे पाहतांना आम्हांला आठवला, आणि तो आम्हीं विद्यार्थ्यांपुढें उच्चारला नाहीं.

चहासाठीं थांबलों तेथें एक वृद्ध गृहस्थ बांकावर बसले होते. मुलांनीं जुन्या गांवाची चौकशी करतांच त्यांनीं हात लांब करून पाण्यांतील एक जागा दाखविली. घर तेथें होतें. मुलीनें विचारलें, "बाबा, निघतांना सगळं सामान नेतां आलं का?"

ते म्हणाले, "कणगी रिकामी करून दाणे नेले, वासे नेले, देव नेले. पाण्याचा रांजण जड व्हता, त्यो तिथंच ऱ्हायला. लई साल पाणी उतरलं की त्याचं तोंड दिसायचं."